फी थकली म्हणून अमेरिकेतलं विद्यापीठ ट्रान्स्क्रिप्ट अडवतंय: कायदा कुठे लागतो, कुठे नाही

प्रश्न थोडक्यात: मुलगी एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर ओहायोतल्या एका सरकारी विद्यापीठात एमएस करते. तीन सत्रं झाली. कर्जाची रक्कम बँकेकडून उशिरा आणि अपुरी आली, त्यामुळे तिसऱ्या सत्राचे ६,८४० डॉलर थकले. तिला न्यूयॉर्कमधल्या एका कॉलेजात प्रवेश मिळतोय, पण जुनं विद्यापीठ ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे विषय, गुण आणि क्रेडिटची अधिकृत नोंद, द्यायला तयार नाही. अमेरिकेत आता थकबाकीपायी ट्रान्स्क्रिप्ट अडवता येत नाही असं वाचलं. खरं आहे का, आणि काय करावं?

उत्तर:

तुम्ही वाचलंत ते अर्धं खरं आहे, आणि जे खरं आहे त्यातलं बरंचसं तुमच्या मुलीला लागू होत नाही. का, ते आधी सांगतो. तिथे गल्लत झाली की लोक भलत्या कलमाचा हवाला देत महिना घालवतात.

अमेरिकेच्या केंद्रीय शिक्षण खात्याचा जो नियम गाजला तो १ जुलै २०२४ पासून लागू आहे. त्याचा मुख्य भाग असा: विद्यार्थ्याने मागितल्यावर कॉलेजने अधिकृत ट्रान्स्क्रिप्ट द्यायचं, आणि त्यात अशा सत्रांची सगळी क्रेडिट दाखवायची ज्या सत्रांत विद्यार्थ्याला केंद्र सरकारची 'टायटल फोर' मदत मिळाली होती आणि ज्या सत्रांची फी भरलेली आहे किंवा हप्त्यांच्या करारात बसवलेली आहे. या दोन्ही अटी एकदम पूर्ण व्हाव्या लागतात. टायटल फोर म्हणजे पेल ग्रँट, केंद्र सरकारची विद्यार्थी कर्जं वगैरे. ही मदत नागरिकांना, ग्रीन कार्डधारकांना आणि काही मोजक्या इतर वर्गांना मिळते, एफ-१ वाल्यांना नाही. तुमच्या मुलीला असं एकही सत्र नाही, म्हणून नियमाचा हा भाग तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. तिथेच स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतल्या, नागरिक किंवा ग्रीन कार्ड असलेल्या मुलांना मात्र तो थेट उपयोगी पडतो. त्यांच्याबद्दल पुढे लिहिलंय.

या नियमाचा एक आडवळणाचा फायदा मात्र तिलाही होऊ शकतो. 'या सत्राची क्रेडिट दाखवा, त्या सत्राची झाका' असं अर्धवट ट्रान्स्क्रिप्ट काढणं बऱ्याच विद्यापीठांच्या संगणक प्रणालीला जमत नाही. त्यामुळे अनेक ठिकाणी सगळ्यांसाठीच ट्रान्स्क्रिप्टवरचा होल्ड, म्हणजे बाकीपायी घातलेली अडवणूक, उठवून टाकला. म्हणून पहिलं काम म्हणजे विद्यापीठाचं आजचं लेखी धोरण वाचणं. रजिस्ट्रारच्या पानावर वेगळं आणि फी-खात्याच्या पानावर वेगळं असं आढळतं. जुनं पान कुणी पुसलेलं नसतं आणि खिडकीवरचा माणूस त्याच पानावरून उत्तर देतो.

केंद्राचा नियम जिथे पोहोचत नाही तिथे राज्याचा कायदा येतो, आणि इथे मुलगी कुठल्या देशाची हे कुणी विचारत नाही. कॉलेज कुठल्या राज्यात आहे एवढंच बघतात. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२० पासून थकबाकीच्या कारणावरून ट्रान्स्क्रिप्ट नाकारता येत नाही, पैसे भरण्याची अट घालता येत नाही, बाकी आहे म्हणून जास्त शुल्कही लावता येत नाही. सरकारी आणि खाजगी, दोन्ही संस्थांना तो लागू आहे. न्यूयॉर्कने २०२२ मध्ये असाच कायदा केला. कोलोरॅडोने त्याच वर्षी केला, पण त्यात फट ठेवली: शिकवणी फी, राहण्या-जेवणाचा खर्च किंवा परत गेलेली आर्थिक मदत यांची बाकी असेल तर संस्था अडवू शकते, मात्र नोकरीसाठी, दुसऱ्या संस्थेत जाण्यासाठी, आर्थिक मदतीच्या अर्जासाठी किंवा सैन्यात भरती होण्यासाठी हवं असेल तर द्यावंच लागतं. अशा राज्यांत अर्जात कारण लिहिलं नाही तर नकार येतो आणि लिहिलं तर ट्रान्स्क्रिप्ट येतं. एका ओळीचा फरक.

आता ओहायो. तुमचा ग्रह असा असेल की मुलगी न्यूयॉर्कला चाललीय तर न्यूयॉर्कचा कायदा मदतीला येईल. येणार नाही. अडवणारी संस्था ओहायोत आहे, म्हणून कायदाही ओहायोचा. आणि तो तोकडा आहे. सरकारी विद्यापीठाला थकबाकीमुळे संभाव्य नोकरीदात्याकडे ट्रान्स्क्रिप्ट पाठवणं नाकारता येत नाही, पण त्यासाठी विद्यार्थ्याची परवानगी लागते आणि ट्रान्स्क्रिप्टशिवाय नोकरी देता येणार नाही असं कंपनीने विद्यापीठाला कळवावं लागतं. दुसऱ्या कॉलेजात जाण्यासाठी अशी हमी त्या कलमात नाही. तरी एक धागा आहे. ट्रान्स्क्रिप्ट अडवण्याची पद्धत ठेवायची की बंद करायची, याचा विचार करून ठराव करा असं ओहायोने २०२३ मध्ये सरकारी विद्यापीठांच्या विश्वस्त मंडळांना कायद्याने सांगितलं. मुलीच्या विद्यापीठाचा ठराव मंडळाच्या बैठकांच्या नोंदींत सापडेल. त्यात पद्धत बंद केल्याचं लिहिलं असेल तर त्याची प्रत जोडून रजिस्ट्रारला लिहिलं की काम झालं.

एवढं वाचून तुम्ही स्वतः विद्यापीठाला ईमेल लिहायला बसाल. नका बसू. १९७४ चा 'फर्पा' नावाचा केंद्रीय कायदा विद्यार्थ्याच्या नोंदींवरचा हक्क विद्यार्थ्यालाच देतो. फी तुम्ही भरलीत, कर्जाला जामीन तुम्ही राहिलात, तरी तिच्या लेखी संमतीशिवाय ते तुमच्याशी बोलणार नाहीत. पालकांच्या ईमेलला उत्तर येत नाही त्यामागे उर्मटपणा नसतो, हे कारण असतं. पत्र तिने लिहायचं, विद्यापीठाने दिलेल्या ईमेलवरून, विद्यार्थी क्रमांक घालून. याच कायद्याने तिला आपल्या नोंदी पाहण्याचा हक्क आहे आणि विद्यापीठाने मागणीपासून ४५ दिवसांत त्या दाखवल्या पाहिजेत, बाकी असली तरी. पण पाहण्याचा हक्क म्हणजे अधिकृत, शिक्क्याची प्रत मिळण्याचा हक्क नव्हे. प्रत्यक्ष जाऊन पाहणं शक्य नसेल, उदाहरणार्थ विद्यार्थी भारतात परतला असेल, तर प्रत द्यावी लागते, पण ती साधी प्रत. तरी ती हाताशी असणं मोलाचं, कारण गुण, क्रेडिट आणि विषयांची नावं लेखी मिळतात.

आपल्याकडच्या पालकांच्या डोक्यात 'कॉलेजने ओरिजिनल्स ठेवून घेतली' हे चित्र असतं. भारतात मूळ प्रमाणपत्रं ताब्यात ठेवू नयेत असं यूजीसीने २०१८ मध्ये सगळ्या संस्थांना बजावलं, आणि करार कायद्याच्या कलम १७१ मध्ये बँकर, वकील वगैरे ज्यांना वस्तू अडवून ठेवण्याचा सर्वसाधारण हक्क दिलाय त्या यादीत शिक्षणसंस्था नाही. तो सगळा युक्तिवाद हातातल्या कागदाचा आहे. अमेरिकेत अडवायला कागदच नसतो. नोंद विद्यापीठाची, विद्यार्थी फक्त ती पाठवण्याची सेवा मागतो आणि विद्यापीठ ती सेवा बंद ठेवतं. म्हणून 'माझी वस्तू परत द्या' असा सूर तिथे चालत नाही. 'अमुक धोरणानुसार ही सेवा मला मिळायला हवी' असा लावावा लागतो.

होल्ड एकच नसतो, हेही नीट बघा. पोर्टलवर लॉगिन करून 'होल्ड्स' उघडा: कुठल्या विभागाने लावला, कशावर लावला, किती रकमेसाठी. साधारण तीन प्रकार दिसतात. एक ट्रान्स्क्रिप्टवर, एक पदवी प्रमाणपत्रावर, एक पुढच्या सत्राच्या नोंदणीवर. कायदे बहुतेक पहिल्याबद्दलच बोलतात. एफ-१ साठी घातक आहे तो तिसरा. सत्र सुरू झाल्यापासून ३० दिवसांत आंतरराष्ट्रीय विभागाच्या अधिकाऱ्याने, ज्याला तिथे डीएसओ म्हणतात, सेविस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंद-प्रणालीत विद्यार्थ्याची नोंदणी दाखवावी लागते. फीच्या होल्डमुळे विषयच घेता आले नाहीत तर ती नोंद होत नाही आणि व्हिसाचा दर्जा जातो. ट्रान्स्क्रिप्ट सहा महिन्यांनी मिळालं तर वर्ष वाया जाईल. दर्जा गेला तर तिथे राहणंच संपतं. म्हणून आज, फी-खात्याच्या आधी, तिने डीएसओला भेटावं. शिक्षण मध्येच सोडायची वेळ आलीच तरी आधी डीएसओची परवानगी घेऊन सोडलं तर देश सोडायला १५ दिवस मिळतात. न सांगता सोडलं तर तेही नाहीत.

सेविस नोंद एका कॉलेजातून दुसऱ्यात हलवणं हे ट्रान्स्क्रिप्टपेक्षा वेगळं काम आहे. ते डीएसओ करतो, रजिस्ट्रार नाही. तिथे हस्तांतराची तारीख ठरते आणि त्या तारखेपासून किंवा जुना कार्यक्रम संपल्यापासून, जे आधी असेल त्यापासून, पाच महिन्यांच्या आत नवं सत्र सुरू व्हावं लागतं. दोन्ही अर्ज स्वतंत्रपणे करायचे. एक अडकलं म्हणून दुसरं थांबवायचं नाही.

आता एक प्रश्न, जो तुम्ही विचारला नाहीत. तीन सत्रं झाली म्हणजे, दर सत्राला नऊ क्रेडिट धरली तर, २७ झाली. एमएसचे बरेच कार्यक्रम ३० ते ३६ क्रेडिटचे असतात. म्हणजे, एक विषय तीन क्रेडिटचा धरला तर, कदाचित एकच विषय उरलाय, फार तर तीन. दुसरीकडे, एमएसला बाहेरून आणलेली क्रेडिट नवं कॉलेज सहसा सहा ते नऊच मान्य करतं. २७ पैकी निदान १८ सोडून द्यायची, नवी फी, नवा आय-२० (एफ-१ साठी कॉलेज देतं तो कागद), आणि एवढं करून जुनी बाकी डोक्यावर आहेच. पैशाच्या हिशेबात हे हस्तांतर बहुतेक वेळा आतबट्ट्याचं ठरतं. शेवटच्या सत्रात पदवीसाठी जेवढे विषय उरलेत तेवढेच घेण्याची परवानगी डीएसओ देऊ शकतो, पूर्ण नऊ क्रेडिटची फी भरायची गरज नाही. तेव्हा न्यूयॉर्कचा विचार करण्याआधी पदवीला किती क्रेडिट बाकी आहेत हे विभागाच्या सल्लागाराकडून लेखी घ्या. हस्तांतर विषय किंवा प्राध्यापकांमुळे हवं असेल तर गोष्ट वेगळी.

६,८४० चा आकडाही जसाच्या तसा मान्य करू नका. खात्याचं सत्रवार, ओळवार विवरण मागा. त्यात नेहमी सापडणाऱ्या गोष्टी: विद्यापीठाचा आरोग्य विमा, जो स्वतःचा विमा असल्याचं मुदतीत न कळवल्यास आपोआप लागतो. विषय सोडला पण पूर्ण परताव्याची तारीख उलटल्यावर सोडला, म्हणून राहिलेली फी. वसतिगृहाचा करार मध्येच मोडल्याचा दंड. दर महिन्याचं विलंब शुल्क. यातल्या विम्याच्या आणि विलंब शुल्काच्या ओळी विनंती केल्यावर कमी होतात, विशेषतः पैसे उशिरा येण्याचं कारण बँकेचं पत्र जोडून दाखवलं तर. हा अर्ज फी-खात्याकडे, 'अपील' या नावाने. ओहायोत त्याला एक घाई आहे: सरकारी विद्यापीठांची जुनी येणी राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलच्या कार्यालयाकडे वसुलीला जातात. एकदा तिकडे गेली की विद्यापीठाचं फी-खातं हप्ते बांधून देत नाही, व्याज आणि वसुली खर्च चढतो, आणि बोलणी त्या कार्यालयाशी किंवा त्यांनी नेमलेल्या वकिलांशी करावी लागतात. प्रकरण विद्यापीठातच असताना मिटवणं निम्म्या त्रासाचं काम आहे.

मिटवायचं म्हणजे एकरकमी भरायचं असंच नाही. फी-खात्याकडे लेखी हप्त्यांचा करार मागा आणि त्याच पत्रात दोन वाक्यं घाला: करारावर सही करून पहिला हप्ता भरताच नोंदणीचा होल्ड उठवावा, आणि ट्रान्स्क्रिप्टसाठी एकदाच होल्ड शिथिल करून ते थेट अमुक संस्थेला पाठवावं. एकदाच शिथिल करण्याची ही सोय बऱ्याच ठिकाणी असते, पण मागितल्याशिवाय कुणी सांगत नाही. पत्रात मुदतीचा पुरावा जोडा, म्हणजे नव्या कॉलेजचं 'या तारखेपर्यंत ट्रान्स्क्रिप्ट हवं' असं पत्र. ट्रान्स्क्रिप्ट विद्यार्थ्याच्या हातात न देता थेट संस्थेला जातंय म्हटलं की होकार लवकर येतो. फी-खात्याने नकार दिला तर तक्रारी ऐकणारं ओम्बड्स कार्यालय आणि विद्यार्थी व्यवहारांचे डीन ही पुढची दारं. भांडणाचा सूर नको. त्या खुर्चीवरच्या माणसाला होल्ड उठवायचा अधिकार असतो आणि न उठवायचाही.

दरम्यान अनधिकृत ट्रान्स्क्रिप्ट पोर्टलवरून आजच उतरवून ठेवा. होल्ड असला तरी ते बहुधा दिसतं. संस्था सोडल्यावर काही काळाने लॉगिन बंद होतं, मग तेही हाती राहत नाही. सोबत प्रत्येक विषयाची अभ्यासक्रम-पत्रिका जपून ठेवा, क्रेडिट मान्य करून घेताना तीच मागतात. प्रवेश-अर्जासाठी अनेक कॉलेजं अनधिकृत प्रत चालवून घेतात आणि अधिकृत प्रत पहिलं सत्र संपेपर्यंत आणायला सांगतात. नव्या कॉलेजला लपवाछपवी न करता सरळ विचारा. जुन्या संस्थेचं नावच अर्जात न लिहिण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. सेविसमध्ये सगळं दिसतं, आणि खोटं सापडलं तर प्रवेश रद्द होतो.

पदवी झालेल्यांचं थोडं वेगळं असतं. एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या अर्जाला पदवीचा पुरावा लागतो, आणि प्रमाणपत्र अडकलं असेल तर अंतिम ट्रान्स्क्रिप्ट किंवा पदवीच्या सगळ्या अटी पूर्ण झाल्याचं रजिस्ट्रारचं पत्र चालतं. हे पत्र काही ठिकाणी होल्ड असतानाही देतात. कॅनडासाठी पदवीचं मूल्यमापन करून घेताना मात्र ट्रान्स्क्रिप्ट थेट विद्यापीठाकडूनच जावं लागतं, तिथे पत्राने भागत नाही.

आता नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्या मुलांबद्दल, कारण त्यांची बाकी बऱ्याचदा वेगळ्याच रस्त्याने येते. सत्राचे ६० टक्के दिवस होण्याआधी शिक्षण सोडलं तर केंद्राच्या मदतीतला 'न कमावलेला' भाग परत जातो. समजा, १०० दिवसांच्या सत्रात विद्यार्थ्याने ३० व्या दिवशी सोडलं आणि त्याला ४,००० डॉलरची मदत मिळाली होती. कमावली फक्त ३० टक्के, म्हणजे १,२००. उरलेले २,८०० परत करायचे. फी ४,००० च्या वर असेल तर ते कॉलेज परत करतं आणि तेवढीच रक्कम विद्यार्थ्याच्या नावावर बाकी म्हणून चढवतं. मुलाला वाटतं, मदत मिळाली होती, मग देणं कसलं? २०२० च्या एका अभ्यासात इथाका एस अँड आर या संस्थेने अंदाज केला होता की कुठल्याही थकबाकीपायी क्रेडिट अडकलेले विद्यार्थी सुमारे ६६ लाख असावेत आणि त्यांची एकूण बाकी १५ अब्ज डॉलर. या मुलांनी कॉलेजला लिहिताना केंद्राच्या नियमाचा थेट हवाला द्यावा: आधीच्या, फी भरलेल्या सत्रांची क्रेडिट रोखता येत नाहीत. अडकलेल्या सत्रासाठी हप्त्यांचा करार झाला की तेही सत्र 'करारात बसवलेलं' धरलं जातं. मदतीचा हिशेब कॉलेजच्याच चुकीने बिघडून बाकी निघाली असेल, तर त्यापोटी ट्रान्स्क्रिप्ट अडवायलाही याच नियमाने मनाई आहे. कॉलेजने स्वतः दिलेलं कर्ज थकलं असेल तर आणखी एक मुद्दा: अशा कर्जांच्या वसुलीसाठी सरसकट ट्रान्स्क्रिप्ट अडवणं ही गैरवाजवी पिळवणूक आहे असं केंद्रीय ग्राहक वित्त संरक्षण ब्युरोने २०२२ मध्ये म्हटलं होतं.

बाकी खाजगी वसुली कंपनीकडे गेली असेल तर तिच्या पहिल्या नोटिशीपासून ३० दिवसांत लेखी हरकत घेता येते. हरकत घेतली की रकमेचा पुरावा देईपर्यंत कंपनीला वसुली थांबवावी लागते. फोनवर काहीही कबूल करू नका, थोडी रक्कमही 'चांगुलपणाने' भरू नका. काही राज्यांत छोट्या भरण्याने जुन्या देण्याची मुदत नव्याने सुरू होते.

शेवटी भारतातून पैसे पाठवताना एक किरकोळ वाटणारी चूक टाळा. बँकेतून डॉलर पाठवले की मधल्या बँका आपला कट घेतात आणि ६,८४० पाठवले तरी खात्यात पंधरा-वीस-तीस डॉलर कमी जमा होतात. प्रणालीला बाकी शून्य दिसत नाही, होल्ड तसाच राहतो, आणि विलंब शुल्क त्या वीस डॉलरवरही लागतं. पाठवताना सगळे आकार पाठवणाऱ्याने भरायचे हा पर्याय निवडा, किंवा विद्यापीठाने नेमलेल्या पेमेंट सेवेतून रुपयांत भरा, तिथे पूर्ण रक्कम पोहोचते. विद्यार्थी क्रमांक संदर्भात लिहिलाच पाहिजे, नाहीतर पैसे विद्यापीठात पोहोचूनही कुणाच्या खात्यावर चढवायचे हे त्यांना कळत नाही. जमा झाल्यावर मुलीने पोर्टलवर होल्ड खरंच गेला का ते पाहावं. काही ठिकाणी तो हाताने काढावा लागतो आणि त्यासाठी फी-खात्याला आठवण करावी लागते. तो गेला की मगच ट्रान्स्क्रिप्टची मागणी नोंदवावी. होल्ड असताना नोंदवलेली मागणी काही दिवस लटकून आपोआप रद्द होते. प्रत थेट नव्या कॉलेजला पाठवा, कारण विद्यार्थ्याने उघडून पुढे पाठवलेली फाइल अधिकृत धरत नाहीत. आणखी एक प्रत स्वतःच्या नावाने मागवून ठेवा.